दहावी गाडी

दिल्लीचा सायलेन्सर विकणारा माणूस फोनवर एकच वाक्य घोकत होता. दहा सेट घ्या, तरच घाऊक भाव. आमच्याकडे चारचाकी गाड्या होत्या नऊ. पांढुर्णा आणि सौंसर मिळून एकाच मॉडेलचे नऊ शौकीन मालक, आणि सगळ्यांना कंपनीचा मुका सायलेन्सर काढून घुमणारा बसवायची हौस. ग्रुप मी काढला होता, दिल्लीशी बोलणी मीच केली होती, आणि काम होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका, असंही सगळ्यांना मीच सांगून बसलो होतो. माझा स्वभाव असा, की एकदा तोंडातून शब्द गेला की माघार घेणं जमत नाही. तेव्हा मी त्याला शब्दाचा पक्का असणं म्हणायचो.

दहावी गाडी म्हणून मी ताईची लावली. तृप्तीताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सौंसरला दिलेली, पण नोकरी पांढुर्ण्याच्या शाळेत. सहा वर्षांची प्रणालीही त्याच शाळेत, म्हणून दोघी रोज गाडीनंच येऊन-जाऊन करायच्या. गाडीचं नाव आमच्यासारखंच, पण मॉडेल बारा वर्षं जुनं. नवा पाइप तिला बसेल का, ही शंका मला आली होती. पण मी ती दिल्लीवाल्याला विचारली नाही, कारण तो नाही म्हणाला असता. ताईला सांगितलं, तुझा सायलेन्सर तसाही सडलाय, नव्यानं गाडी हलकी पळेल. भाऊजींनी, म्हणजे तुषार भाऊजींनी, जुन्या गाडीला हात लावू नकोस असं मला आधीच बजावलं होतं. ते सौंसरजवळच्या बोरगावच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, कमी बोलतात आणि बोललेलं विसरत नाहीत. मी ताईला म्हटलं, त्यांना मागाहून सांगू.

"तू म्हणत असशीन तं लावून टाक," ती म्हणाली. तिनं यापेक्षा जास्त काही विचारलं नाही.

पांढुर्ण्यात सावरगावच्या बाजूला कवडू मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्यानं तीन दिवसांत दहाही गाड्यांचं काम उरकलं. नव्या पाइपाला आतून-बाहेरून तेल लावलेलं असतं, ते जळेपर्यंत वास येतो. ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या. कुणाच्या बायकोला मळमळतंय, कुणाच्या बापाला धूर दिसतोय. मी वैतागलो. एवढा भाव पाडून माल आणून दिला आणि वर यांची रडगाणी. शेवटी ग्रुपवर लिहिलं की नवीन सायलेन्सरचा वास आठ दिवस येतोच, घाबरू नका, काचा बंद ठेवा आणि एसी आतल्या हवेवर ठेवा. आठ अंगठे आले. ताई ग्रुपवर नव्हती, म्हणून तिला हाच मेसेज वेगळा पाठवला. ती मास्तरीण बाई, दिलेली सूचना अक्षर न अक्षर पाळणारी.

शनिवारी सकाळी नऊला तिचा मेसेज आला. आजही डोकं जड आहे, प्रणालीनं शाळेच्या फाटकाशी उलटी केली, वास मात्र पूर्ण गेला. मी तिलाही अंगठा पाठवला.

त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमारास माझी गाडी खडखडते म्हणून कवडूकडे गेलो होतो. तो गाडीखाली पाठीवर पडून काम करत होता, मी स्टुलावर मोबाइल बघत बसलो होतो. खालूनच त्यानं विचारलं, ताईची गाडी बुधवारी आणणार होता, का नाही आणली? मी म्हटलं, कशाला? तर म्हणाला, तो पाइप चार बोटं आखूड पडला होता. मधे जुना तुकडा घालून नुसता पट्टा आवळून ठेवला, नीट मापाचा तुकडा आला की वेल्डिंग करायचं ठरलं होतं. फोनवर तुम्हाला सांगितलं, तुम्ही हो हो म्हणालात.

म्हणालो असेन. त्या दिवशी मी सगळ्या गाड्या एकदम सुरू करून व्हिडिओ काढत होतो.

"अन् त्या गाडीचा पत्रा तं खालून सडेल आहे," कवडू म्हणाला. "मांगच्या सीटखाली भोक आहे, माही दोन बोटं जातीन एवढं. जोडातून गळला तं धूर तिथूनच आत जाईन. त्याईचं डोकंगिकं दुखते का?"

मी त्याला सकाळचा मेसेज वाचून दाखवला, वास गेल्याचं जरा जोरातच वाचलं. कवडू गाडीखालून सरपटत बाहेर आला. हात न पुसताच उभा राहिला.

"वास गेला म्हंजे काई नाई गेलं, अंकुरभाऊ. धुरातलं जे मारते त्याले वास नसते. काचा उघड्या ठेवते न त्या?"

मी मोबाइलवर वेळ बघितली. शनिवारची शाळा बाराला सुटते, आणि बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. गाडी चालवताना ताई फोन उचलत नाही, हा तिचा नियम. याआधी मला त्याचं कौतुक वाटायचं.

कवडूनं माझी गाडी जॅकवरून खाली घेतली आणि म्हणाला, आधी जवाईबापूंना फोन लावा, ते बोरगावात असतील, तिकडून लवकर पोचतील. मी हो म्हटलं. गाडीत बसून भाऊजींचं नाव काढलं, पडद्यावर ते नाव कितीतरी वेळ बघितलं. काय सांगणार होतो? मला वाटलं, आधी आपण जाऊन बघू. कदाचित काहीच झालेलं नसेल, मग उगीच कशाला कळवायचं. मोबाइल बाजूच्या सीटवर टाकला आणि निघालो.

तो रस्ता मी शेकडो वेळा केला असेल, पण त्या दिवशीसारखा लांब तो कधीच नव्हता. एप्रिलचं ऊन, चारही काचा खाली, आणि ज्या आवाजासाठी मी दोन महिने जिवाचं रान केलं होतं तो माझा सायलेन्सर मागे गर्जत होता. त्या आवाजात फोन वाजला असता तरी ऐकू आला नसता, म्हणून मी सारखा पडद्याकडे बघत होतो. शाळेतून परतताना प्रणाली मागच्या सीटवर दप्तर उशाला घेऊन झोपते. रोज झोपते. भोक त्याच सीटखाली होतं. हे आठवलं तेव्हा मी गाडी आणखी दामटली. रस्त्याकडेच्या प्रत्येक नालीत मी पांढरी गाडी शोधत होतो. नाली मोकळी दिसली की बरं वाटायचं, आणि पुढची दिसली की परत धडधड.

जामसांवलीच्या फाट्याअलीकडे गाड्यांची रांग लागली होती. शनिवार. हनुमानाच्या दर्शनाला आलेल्या जीपा, ऑटो, ट्रॅक्टर, सगळं अडकून उभं. चालत्या गाडीत थोडी तरी हवा खेळते, उभ्या गाडीत काय खेळणार? मी गाडी तशीच रस्त्यात सोडली आणि रांगेच्या कडेनं पळत सुटलो. मागून कुणीतरी शिव्या घातल्या.

ताईची गाडी पुढे नारळाच्या दुकानासमोर उभी होती. इंजिन सुरू, काचा बंद. ताईचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलेलं होतं. मी काच बडवली. तिनं डोकं उचललं, माझ्याकडे बघितलं, आणि मला ओळखलं नाही. परत डोकं खाली ठेवलं. दारं आतून लॉक होती. मागे प्रणाली गुडघे पोटाशी घेऊन झोपली होती. दुकानातल्या बाईनं काही न विचारता लोखंडी सब्बल माझ्या हातात दिली, आणि मी पुढची डावीकडची काच फोडली.

प्रणालीला बाहेर काढलं तेव्हा तिचे गाल लालभडक होते आणि मान माझ्या हातावर लोंबत होती. मी तिला नावानं हाका मारत होतो. कुणी पुठ्ठ्यानं वारा घातला, दोघांनी ताईला धरून सावलीत आणलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग प्रणालीनं माझ्या शर्टावर उलटी केली आणि रडायला लागली. मीही रडलो. एका जीपवाल्यानं रांगेला वळसा घालून शेतातून गाडी काढून आम्हाला सौंसरच्या दवाखान्यात आणलं.

दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, बाई सुधारतील, पण मुलीला दोन-तीन दिवस बघावं लागेल, आज नक्की काही सांगता येत नाही. तेवढ्यात भाऊजी कारखान्याच्या कपड्यांतच आले. दवाखान्यानं त्यांना फोन केला होता. डॉक्टरांनी ताईला विचारलं, एवढं डोकं दुखत होतं तर काचा का नाही उघडल्या? ताईनं मास्क जरा वर केला.

"मीच ठेवल्या बंद. ऊन होतं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.

गप्प राहिलो असतो तर तेवढ्यावर भागलं असतं. लहानपणापासून ती मला असंच सोडवत आली आहे. पण तिच्या ओठांचा रंग बघून माझ्यानं राहवलं नाही.

"नको, ताई. भाऊजी, काचा बंद ठेवायले मी सांगतलं होतं. पाइप बसून नाई राहिला होता, तोही मीच बसवायले लावला."

भाऊजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, तुला हे कधी समजलं? मी म्हटलं, साडेबाराच्या आत. आणि या दोघी कधी सापडल्या? एक वाजून गेला होता, मी सांगितलं. ते माझ्याकडे वळले.

"मी बोरगावात होतो. वीस मिनिटांत पोचलो असतो. मले फोन काहून नाई केला?"

"भेव वाटलं."

"कायचं?"

"तुमचं."

त्यांनी मान हलवली. माझ्या बाजूचा स्टूल उचलला, प्रणालीच्या खाटेपाशी माझ्या आणि तिच्या मधे ठेवला, आणि माझ्याकडे पाठ करून बसले. त्यांच्या पाठीमुळे मला तिचे फक्त पाय दिसत होते. थोड्या वेळानं मास्कमधून तिचा बारीक आवाज आला, मामा गेला का?

"हो, गेला," भाऊजी म्हणाले.

मी अजून दाराशीच उभा होतो. मग बाहेर गेलो.