तिरप्या अक्षरांतलं नाव

मैत्रेयी आर्वीच्या बसस्थानकाबाहेर आली आणि थबकलीच. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर तिची अक्षरं होती. जाडजूड, उजवीकडे झुकलेली, मागे लाल सावली. जुन्या टॉकीजच्या आणि सर्कशीच्या पाट्या बघत तिने हा फॉन्ट काढला होता, तोही कुस्त्या, मेळावे, उद्घाटनं यांच्यासाठी. इथे मात्र त्यात लिहिलं होतं, 'कै. मनकर्णाबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. शब्द जसे काही पळत सुटले होते.

ती तडक सचिनच्या फ्लेक्सच्या दुकानात गेली; हा फॉन्ट त्यानेच तिच्याकडून घेतला होता.

"सचिनभाऊ, हा फॉन्ट इथे कसा लावलात?"

"घरच्यायनंच पसंत केला, मॅडम. मी काय करू?"

तिला राहवेना. पत्ता विचारून ती त्या घरी पोचली. अंगणात मनकर्णाबाईंचा मुलगा ओमप्रकाश बसला होता. आपण कोण ते सांगून ती म्हणाली, "चूक झाली. मी साध्या अक्षरांत करून देते."

"बदलाच," तो म्हणाला. "लोक मले इचारून राह्यले, माय गेली का दुकान उघडलं म्हणून."

तेवढ्यात त्याची बहीण जया दारात आली. "नाई बदलायचा. मीच पसंत केला."

"जया, लोक हासून राह्यले."

"हासू दे. माय पन्नाशीत स्कूटी शिकली, तवाही हासलेच होते. कुरडया घेऊन तळेगावले जाय, तं हँडलवर अशी वाकून बसे." जयाने हात पुढे धरून, वाकून दाखवलं. "दुकानात सरळ अक्षरात नाव पाह्यलं, तं ते मायचं वाटलंच नाई मले."

ओमप्रकाश हळूच म्हणाला, "नाव ठीक हाय. पण श्रद्धांजलीही पळूनच राह्यली ना, जया."

मैत्रेयीने तिथेच खाटेवर लॅपटॉप उघडला. नाव तिरपं आणि मोठं ठेवलं. बाकीचा मजकूर बारीक, सरळ केला. लाल सावली काढली. तरी हात थांबेनात. 'र्णा'वरचा रफार फोटोच्या चौकटीत घुसत होता, उडत्या पदरासारखा. तो ती कापायला गेली.

"राहू द्या," जया म्हणाली.

संध्याकाळी नवा फलक चढला. बाजाराची पिशवी घेतलेली एक म्हातारी थांबली. "अगं बाई, ही तं आपली कुरडईवाली! कधी गेली?"

ओमप्रकाश पुढे झाला. बोलता बोलता त्याचे डोळे भरले. "तेरवीले येजो, मावशी."

मैत्रेयी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. नाव आणि खालची ओळ अजूनही एकमेकांच्या फार जवळ वाटत होती. ती दोन पावलं मागे सरली, पुन्हा पाहिलं, आणि तेवढं अंतर वाढवून घ्यायला सचिनच्या दुकानाकडे वळली.