चौकोनाबाहेर

हरेल त्याने माझ्या दुकानापासून स्वतःच्या दारापर्यंत उलटं चालत जायचं आणि चालताना तोंडाने पीप-पीप करायचं, ही अट माझी. अटी सुचायला मला वेळ लागत नाही. गाड्यांना सीटकव्हर शिवून बसवण्याचा माझा धंदा. दिवसभर लोकांच्या गाड्यांत डोकं खाली, पाय वर करून पडलेला असतो, त्यामुळे मेंदूला रक्त भरपूर मिळतं.

पैज लागली मॅनेजरसाहेबांच्या गाडीवरून. साहेब विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्या नव्या गाडीत पुढे ताटाएवढा पडदा. वर्षभर त्या पडद्यावर नकाशा यायचा आणि एक बाई गोड आवाजात वळणं सांगायची. वर्ष संपलं तशी बाई गप्प झाली. पडद्यावर नुसती पाटी, की नेटची मुदत संपली, पुढचं पॅकेज घ्या. साहेब घेणाऱ्यातले नाहीत. त्यांनी पडद्यावर पुसायचं फडकं टाकलं आणि बाईशी अबोला धरला.

मी त्यांना म्हटलं, पॅकेज कशाला, फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. मग नेट बंद असलं तरी चालतो. आपण कुठे आहोत ते उपग्रह सांगतो, त्याला रिचार्ज लागत नाही. साहेबांना ते पटेना. आयुष्यभर विमा विकल्यामुळे फुकट काही मिळतं यावर त्यांचा विश्वास नाही. मी त्यांना फोन अडकवायचा स्टँडही विकला, तेव्हा कुठे त्यांना जरा खरं वाटायला लागलं.

शेजारच्या बाकावर नकाशाकाका बसले होते. ते म्हणाले, "ज्याला रस्ता माहीत नाही त्याला उपग्रह तरी काय शिकवणार?"

नकाशा हे त्यांचं गल्लीने ठेवलेलं नाव. खरं नाव लायसनवर असेल. काकांनी सगळी नोकरी रक्तपेढीची गाडी चालवण्यात काढली. या दवाखान्यातून त्या दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या पोचवायच्या. गल्ल्या, बोळ, कुठला रस्ता बाजाराच्या दिवशी तुंबतो, कुठलं फाटक कधी पडतं, सगळं तोंडपाठ. आणि रस्ता कुणाला विचारायचा नाही, हा त्यांचा नेम. रक्ताची गाडी थांबून पत्ता विचारताना दिसली तर दवाखान्याच्या दारात वाट बघणाऱ्याचा जीव जायचा, असं ते म्हणत. आता निवृत्त झाले तरी गल्लीत कुणाला कळा आल्या, कुणाच्या पायाचं प्लास्टर काढायचं असलं, तर आधी काकांच्या दाराची कडी वाजते. गाडी जुनी, पण घड्याळासारखी. किल्ली रात्री उशीखाली.

तर मी दोघांना लावून दिलं. कालव्यापलीकडे एक रोपवाटिका आहे, तिथे आधी कोण पोचतो बघू. साहेबांनी नेट बंद करून फोनच्या जिवावर जायचं, काकांनी डोक्याच्या. साक्षीदार म्हणून साहेबांबरोबर गल्लीतला शिंपी, काकांबरोबर मी. रविवारी सकाळी निघायचं.

तेवढ्यात काकांची लेक कामावरून आली. ती औषधांच्या दुकानात असते, बापाजवळच राहते. सगळं ऐकून घेतलं, पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, जिंकलात तर मी पुन्हा गाडीचं नाव काढणार नाही. हरलात तर किल्ली माझ्याकडे. कायमची."

आम्हाला वाटलं, पोरीने चढवून बोली लावली. मागे एकदा काका गाडी बाजारात लावून चालत घरी आले होते आणि गाडी चोरीला गेली म्हणून पोलिसांत निघाले होते. गाडी जागच्या जागी सापडली. गल्ली आठवडाभर हसली, त्यात माझा वाटा मोठा. लेक तेवढी हसली नव्हती.

काका म्हणाले, "मान्य."

माझं काय, मी काकांच्या बाजूने. पण नुसतं बाजूने असून भागत नाही, थोडा हातभार लावावा लागतो. साहेबांच्या फोनमध्ये नकाशा उतरवून देण्याचं काम माझ्याचकडे होतं. त्यात असं असतं, की पडद्यावर एक चौकोन येतो. तो बोटाने लहान-मोठा करायचा. चौकोनात येईल तेवढा मुलूख फोनमध्ये उतरतो, बाहेरचा नाही. मी चौकोन बरोबर कालव्याच्या अलीकडच्या काठापर्यंत ओढला. रोपवाटिका राहिली पलीकडे. खूण मात्र काठावर ठोकली आणि साहेबांना म्हटलं, ही बघा तुमची रोपवाटिका. साहेब चष्मा वर करून म्हणाले, "वा, पाण्याजवळच आहे."

रविवारी अख्खी गल्ली दारात. शिंपी साहेबांच्या गाडीत पुढे बसला आणि पट्टा लावताच डुलक्या घ्यायला लागला. मी काकांच्या शेजारी. माझ्या खिशातल्या फोनमध्ये पूर्ण नकाशा होता, कालवा, रोपवाटिका, सगळ्यासकट. गरज पडेल असं मुळीच वाटलं नव्हतं. सवय म्हणून.

सुरुवातीला काका काय सुटले म्हणता. गिरणीमागचा बोळ, शाळेच्या भिंतीला लागून, भाजीवाल्यांच्या हातगाड्यांमधून, एकदाही ब्रेक नाही. साहेबांची गाडी पहिल्याच सिग्नलला दिसेनाशी झाली. मी मागे वळून टाटा केला. काका गुणगुणत होते.

पाण्याच्या टाकीपाशी तीन रस्ते फुटतात. तिथे काका थांबले. सिग्नल हिरवा होता. मागून हॉर्न वाजायला लागले. मला वाटलं, साहेबांना मुद्दाम जवळ येऊ देतायत, खेळात जरा मजा यावी म्हणून. मीही असाच खेळलो असतो. मग त्यांनी झटकन गाडी डावीकडे घेतली आणि पुन्हा वेग धरला. कालवा उजवीकडे आहे हे मला माहीत होतं, पण मी गप्प बसलो. उस्तादाला शॉर्टकट विचारायचा नसतो.

दोन वळणं, एक उतार, आणि गाडी जिल्हा दवाखान्याच्या मागच्या फाटकातून आत शिरली. काकांनी आरशात बघून, एका हाताने, भिंत आणि खांब यांच्या मधल्या जागेत गाडी उलटी लावली. वीतभर जागा इकडे, वीतभर तिकडे. इंजिन बंद केलं.

"पोचलो," ते म्हणाले.

मी मनापासून हसलो. पैजेच्या ऐन रंगात येऊन जुन्या कामाच्या जागी गाडी लावायची, काय गंमत. टाळीसाठी हात पुढे केला. काकांनी टाळी दिली नाही. ते समोर बघत होते. समोर रक्तपेढीची खिडकी होती, आता बंद, तिच्यासमोर मोडक्या खाटा रचून ठेवलेल्या. पेढी केव्हाच नव्या इमारतीत गेली. एक पहारेकरी आला आणि म्हणाला, इथे गाडी लावू नका, कचऱ्याची गाडी येते.

काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आपण कुठे निघालो होतो रे?"

मी सांगितलं. रोपवाटिका, कालव्यापलीकडे, साहेबांशी पैज. त्यांनी मान डोलावली, पण ओळखीच्या माणसाचं नाव न आठवता आपण जशी डोलावतो, तशी. हात स्टिअरिंगवरच होते.

मी टाकीपाशी निघालेल्या नव्या पुलाला शिव्या दिल्या. म्हटलं, या पुलाने सगळ्यांचीच दिशाभूल होते, माझीसुद्धा. काका म्हणाले, पुलाला बोल लावू नकोस, मी परवाच त्यावरून गेलो होतो.

मग मी माझा डाव सांगून टाकला. चौकोन, काठावरची खूण, सगळं. साहेब आत्ता पाण्यासमोर उभे असतील, अजून वेळ आहे. हे ऐकून काका हसले, चांगले मोकळे हसले. पोटावर हात ठेवून म्हणाले, तू मेल्यावर तुला जाळायला नेतील तेव्हाही खांदेकऱ्यांना चुकीचा रस्ता सांगशील.

"मी हळूच डावं-उजवं सांगतो," मी फोन बाहेर काढत म्हटलं. "तुम्ही फक्त वळवा. जिंकू आपण. कुणाला कळत नाही."

पहारेकरी काठी आपटत उभा होता.

"आणि उद्या?" काका म्हणाले. "उद्या कुणाच्या घरची कळा आलेली बाई मागे बसलेली असेल. तेव्हा तू असशील शेजारी?"

मी फोन मांडीवर पालथा ठेवला.

त्यांनी गाडी सुरू केली. म्हणाले, घराजवळचं सगळं दिसतं रे, स्वच्छ दिसतं. गिरणी, शाळा, हा दवाखाना. त्याच्या पुढे गेलं की पांढरं. कधी असतं, कधी नसतं. लेकीला ते बोलले नव्हते, पण तिला कळलं असावं, असं त्यांना वाटत होतं. सकाळी उगाच एक चक्कर मारून यायचे ते मजेसाठी नव्हे. किती उरलंय ते बघायला जायचे.

फाटकापाशी गाडी थांबली. बाहेर रस्ता दोन्हीकडे जात होता.

"डावीकडे की उजवीकडे?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. पुढचा सगळा रस्ता सांगत गेलो आणि ते चालवत गेले. चालवण्यात कसूर नव्हती.

रोपवाटिकेच्या दारात साहेब हातात झेंडूचं रोप घेऊन उभे होते. आनंदाने त्यांचे कान लाल झाले होते. झालं होतं असं, की फोनने त्यांना कालव्याच्या काठावर नेलं आणि जाहीर केलं, तुम्ही पोचलात. समोर पाणी, पाण्यात म्हशी. पलीकडे फोनवर नुसता करडा पट्टा, ना रस्ता ना नाव. साहेबांना वाटलं, रोपवाटिका वाहून गेली. शिंप्याने एक डोळा उघडून सांगितलं, विचारा की कुणाला. साहेबांनी गाडीची काच खाली केली आणि म्हशी धुणाऱ्याला विचारलं. त्याने हात केला, पुढे पूल आहे म्हणाला, मोठ्या चिंचेपाशी वळा. चिंचेपाशी एका बाईला विचारलं. ती म्हणाली, हीच की. साहेब म्हणत होते, इतकं सोपं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

परत आलो तेव्हा गल्ली वाटच बघत होती. शिंप्याने उतरताच निकाल सांगितला आणि एकच गलका झाला. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ते सरळ माणूस. म्हणाले, नियमाने बघायला गेलं तर माझा नकाशा कालव्यापाशीच संपला. पुढे मी लोकांना विचारत गेलो. तेव्हा हा काही विजय नव्हे.

मी लगेच संधी साधली. दुकानाच्या पायरीवर चढून सांगून टाकलं, की सामना बरोबरीत, कुणी उलटं चालायचं नाही, चहा माझ्याकडून. लोकांना चहाही चालला असता.

काका गाडीला कुलूप लावत होते. तिथूनच म्हणाले, "पोचला तो जिंकला. विचारून पोचला काय, न विचारता काय."

"अहो, पण नवा पूल..." मी म्हटलं.

"मी रस्ता चुकलो," काका म्हणाले. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

लेक जमावाच्या कडेला उभी होती. तिने जिंकल्याचा चेहरा केला नाही. काका तिच्यापाशी गेले, पँटच्या खिशातून किल्ली काढली.

"ही धर आधी. चालताना वाजते."

तिने ती मुठीत घेतली आणि मूठ तशीच ठेवली.

मग काका माझ्या दुकानासमोर येऊन पाठमोरे झाले. सदऱ्याची कॉलर नीट केली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, गिअर टाकल्यासारखा हात हलवला आणि निघाले. पीप, पीप, पीप. चेहरा असा गंभीर, की त्यानेच लोक जास्त हसले. पोरं बाजूने धावायला लागली. शिंप्याने कात्री वाजवून ताल धरला. साहेब झेंडूचं रोप छातीशी धरून बघत होते आणि त्यांनाही हसू आवरत नव्हतं. काका चालत होते सरळ, एका रेषेत, आणि आमचे सगळ्यांचे चेहरे त्यांच्या समोर होते.

त्यांचं दार आलं. दारापुढे दोन पायऱ्या, पायरीवर त्यांच्याच चपला. काका थांबले नाहीत. पीप, पीप. दार मागे पडलं, शेजाऱ्याचं दार आलं, तेही गेलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला रंग चढला. टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मी पायरीवरून खाली उतरलो, पण माझ्या आधी लेक निघाली होती.

ती धावली नाही. भिंतीच्या कडेकडेने भरभर पुढे गेली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि ट्रकमागे उभा राहून क्लीनर करतो तसा हात वर केला.

"येऊ द्या," ती मोठ्याने म्हणाली. "बस्स. आता पुढे घ्या. सावकाश. येऊ द्या, येऊ द्या, थोडं उजवीकडे काढा."

काका पुढे आले, तिच्या आवाजाच्या अंदाजाने, ती सांगेल तेवढं वळून. गल्ली पोट धरून हसत होती. ती त्यांच्या बरोबरीने चालत आली आणि दारापाशी तिने त्यांच्या पाठीवर तळहाताने दोनदा थोपटलं, पत्र्यावर थोपटावं तसं.

"बस्स, बाबा."

काका थांबले. उजव्या पायाने ब्रेक दाबला आणि खाली वाकून डाव्या हाताने हँडब्रेक ओढला.