वीतभर चुकलेलं देऊळ

रेल्वेच्या नकाशाखात्यात उभा जन्म काढून दिनानाथ ताम्हाणे बदलापूरला परत आले, तेव्हा त्यांच्या सामानात सगळ्यात अवघड काय असेल, तर तो ड्रॉइंग बोर्ड. हमालानं तो डोक्यावर घेतला आणि विचारलं, "पाट हाय का वो हा? येवढ्या पाटावर जेवनार कोन?" मागून उमाबाई म्हणाल्या, "जेवणार हेच. मला मेलीला तिथं बोटसुद्धा लावायची परवानगी नाही."

आता इतकी वर्षं या माणसानं काढलं काय त्या बोर्डावर? भुसावळ म्हणू नका, झाशी म्हणू नका, जबलपूर म्हणू नका, जिथं बदली होईल तिथं मालधक्के, सिग्नलच्या केबिनी, गँगमनच्या खोल्या आणि संडास. संडासाच्या नकाशात तर त्यांचा हात धरणारा अख्ख्या विभागात कोणी नव्हता. साहेब लोक तसं बोलूनही दाखवायचे. पण ही काय चारचौघांत सांगण्यासारखी कीर्ती आहे? मन सगळं अडकलेलं होतं ते अंबरनाथच्या शिवमंदिरात. लहानपणी महाशिवरात्रीला वडील जत्रेला न्यायचे. बाकीची पोरं पिपाण्यांसाठी रडायची आणि हा पोरगा भिंतींच्या कोनांवरून हात फिरवत उभा राहायचा. एक कोन बाहेर, एक आत, पुन्हा एक बाहेर. हे कोणी आणि कसं आखलं असेल? नोकरीत असताना रजेवर आले की एक फेरी तिकडे ठरलेली. रिटायर झालो की या देवळाचा दगडन् दगड मापून कागदावर उतरवायचा, हे त्यांनी तेव्हापासून मनाशी घोकलेलं होतं.

उमाबाईंचं घोकणं वेगळं होतं. त्यांना स्वतःचं घर हवं होतं, बस्स. स्टेशनपासून थोडं आत दोन खोल्या, पडवी, वर मंगलोरी कौलं, असं घर उभं राहिलं. पहिल्या दिवशी त्या दाराबाहेर जाऊन नुसत्या बघत राहिल्या. दिनानाथरावांना वाटलं, चौकट तिरकी बसली की काय! तर बाई म्हणाल्या, "दारावर नंबर नाही हो आपल्या." लग्न झाल्यापासून त्या रेल्वेच्या नंबर घातलेल्या क्वार्टरांत राहत होत्या. मग त्यांनी मोरीच्या पाण्यावर अळू लावला, कर्दळ लावली, आणि आता इथून मला कोणी हलवायचं नाही, असं शेजारणीला बजावून सांगितलं.

थोरल्या देवळाला हात घालण्याआधी धाकट्यावर हात बसवावा, म्हणून दिनानाथरावांनी नदीकडचं सोमेश्वराचं देऊळ धरलं. जुनं, दगडी, बैठं. कोणी मुद्दाम बघायला येईल असं काही नाही. तिथला गुरव महिपती म्हणजे त्यांचा बालपणचा सवंगडी. टेपचं दुसरं टोक धरायला तो आनंदानं तयार झाला. त्यालाही दुपारी काय उद्योग? सकाळची पूजा झाली की देव मोकळा आणि गुरवही मोकळा. दोघांनी आतून मापलं, बाहेरून मापलं, मधूनमधून लहानपणीच्या कैऱ्यांच्या चोऱ्या आठवून हसले. घरी येऊन दिनानाथरावांनी शिसपेन्सिलीला टोक काढलं आणि बाहेरच्या भिंती आखायला घेतल्या.

नकाशा जुळेना.

म्हणजे असं, की दारापासून निघून भिंत भिंत आखत चारी बाजू फिरून आलं की शेवटची रेघ पहिल्या रेघेला येऊन टेकली पाहिजे. मुकाट्यानं टेकली पाहिजे! इथं ती देवळाच्या मापात वीतभर अलीकडेच थांबली. आता प्रत्यक्षात देऊळ काही फुटलेलं नव्हतं. वीतभर भगदाड असतं, तर महिपतीच्या शेळ्या आत जाऊन बसल्या असत्या.

एकदा होतं असं. कोणाचंही होतं. त्यांनी पुन्हा मापलं. पुन्हा वीतभर. मग संशय टेपवर गेला. कापडी टेप, जुनी, ताणली असेल. ते उल्हासनगरला गेले. कॅम्पात बराकींच्या कडेनं दुकानांची नुसती रांग लागलेली, त्यातल्या एका सिंधी हार्डवेअरवाल्याकडून नवीकोरी पोलादी टेप घेतली. त्यानं ती झटक्यात ओढून दाखवली आणि हसत हसत म्हणाला, "साईं, माल पक्का है. माप ग़लत आये तो टेप को गाली मत देना, अपने को देना." तो आपलं गिऱ्हाइकाशी चार शब्द गोड बोलला. पण दिनानाथरावांच्या ते काळजात जाऊन बसलं.

नव्या टेपनंही वीतभरच चुकलं, तेव्हा मात्र त्यांचं धाबं दणाणलं.

कारण होतं त्यांचे वडील, अण्णा. अण्णा याच वयात बदलले होते. गावातल्या गावात, विहिरीवरून घरी यायची वाट चुकले, तिथून सुरुवात झाली. मग वार विसरले, जेवलो की नाही ते विसरले, आणि शेवटी शेवटी दिनानाथला 'जयदेवा' म्हणून हाक मारू लागले. जयदेव हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. तसे अण्णा कचेरीत आकडेमोडीचे पक्के होते, एक बेरीज कधी चुकली नव्हती. आणि आता मुलगा, जन्मभर नकाशे काढलेला, एका बैठ्या देवळाच्या चार भिंती जुळवू शकत नव्हता. दुसरं काय असणार? सुरू झालं आपलं, असं दिनानाथरावांनी मनाशी धरलं. आंघोळ करताना ते टिटवाळा, खडवली, वाशिंद, आसनगाव अशी भुसावळपर्यंतची स्टेशनं तोंडपाठ म्हणून बघायचे. एखादं अडखळलं की तांब्या हातातच राहायचा.

आणि उमाला काय सांगायचं? अण्णांचं सगळं तिनंच केलेलं होतं. पुन्हा तेच तिच्या एकटीच्या गळ्यात घालायचं? छे! त्यापेक्षा मुंबईला श्यामकांतकडे, मुलाकडे जावं. परळला त्याच्या खोलीत सुनेची मदत असेल, जवळ डॉक्टर असेल. श्यामकांत रविवारी यायचाच होता. त्याला एकटं गाठून सांगायचं, बाबा रे, आम्हाला घेऊन चल, घराला कुलूप लाव. हे ठरलं, आणि त्या दिवसापासून त्यांना अळूकडे बघवेना. बाई पाणी घालायला वाकल्या की हे तोंड फिरवून पडवीत जाऊन बसायचे.

शनिवारी सकाळी चहाचा कप पुढं ठेवत उमाबाईंनी विचारलं, "आज वार कोणता हो?"

"शनिवार!" दिनानाथराव एकदम उखडले. "अगं, रोज रोज काय विचारतेस? काल विचारलंस, परवा विचारलंस. भिंतीवर कॅलेंडर टांगलंय ना?"

उमाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला आठवतो का, ते बघत होते."

दिनानाथरावांनी कप खाली ठेवला.

"तुला कसं कळलं?"

"मोरीत स्टेशनं म्हणता ती बाहेर ऐकू येतात. देवळातून आलात की चेहरा उतरलेला असतो. कागद पालथा घालून ठेवता. अण्णांचं डोळ्यांनी पाहिलंय मी, मला दुसरं काय सुचणार? रोज वार विचारते आणि तुम्ही बरोबर सांगितलात की आत जाऊन देवाला हात जोडते. निदान सांगायचं तरी होतं हो मला. एकटीनं भीत बसले मी इतके दिवस."

"मीपण एकटाच भीत होतो गं," दिनानाथराव म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं. वीतभर चूक, नवी टेप, श्यामकांत, कुलूप. कुलूप हा शब्द ऐकल्यावर बाई उठल्याच. त्यांनी डोळे पुसले, चपला पायात सरकवल्या.

"चला. मी येते देवळात. काय मापता, कसं मापता, बघते मी."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"नाही कळलं तर नाही. घरात बसून तरी कुठं कळतंय?"

महिपती नुकताच पूजा आटोपून बाहेर आला होता. वहिनींना बघून त्यानं घाईघाईनं पायरी झाडली. उमाबाईंनी देवाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "भावोजी, रोज करता तसंच करा दोघं. मी आहे असं समजू नका."

दोघं कामाला लागले. दाराची भिंत मापली, दक्षिणेची मापली, मागची मापली. उमाबाई मागून चालत होत्या. आता उत्तरेची भिंत. या भिंतीच्या मधोमध गोमुख होतं. पिंडीवरचं अभिषेकाचं पाणी त्यातून बाहेर येतं आणि पुढं दगडी पन्हळीतून थेट नदीच्या उताराला लागतं. ही पन्हळ ओलांडायची नाही. शंकराची प्रदक्षिणा अर्धी, हे पोराटोरांनाही सांगावं लागत नाही, पायच आपोआप मागं वळतात. शिवाय गोमुख भिंतीतून पुढं आलेलं, त्यामुळे टेप या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरळ लागायची नाही. म्हणून ही भिंत दोन तुकड्यांत मापायची. महिपतीनं अलीकडच्या कोपऱ्यात टोक धरलं, दिनानाथरावांनी गोमुखाच्या कडेला टेप टेकवून आकडा वाचला, लिहून घेतला. मग दोघं आल्या वाटेनं परत फिरले, अख्ख्या देवळाला वळसा घालून पलीकडच्या कोपऱ्यावर गेले. महिपतीनं तिथं टोक धरलं, दिनानाथरावांनी गोमुखाच्या त्या कडेला टेप टेकवली, आकडा लिहिला.

"झालं," ते पलीकडून म्हणाले. "एवढंच. बघ, यात कुठं काय चुकतंय?"

उमाबाई अलीकडेच उभ्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली गोमुखाकडे.

"तुम्ही त्या कडेपर्यंत मापलंत. मघाशी या कडेपर्यंत मापलंत."

"हो. गोमुखापर्यंत. दोन्हीकडून."

"मग हे गोमुख कोणी मापायचं?"

महिपतीनं टेपचं टोक सोडलं, ते सर्रकन परत गेलं.

गोमुख! त्याची रुंदी! ती ना या तुकड्यात होती, ना त्या तुकड्यात. दोघांनी दर खेपेला ते मधे सोडलं होतं. पाय जिथून मागं वळले, तिथून मापही मागं वळलं होतं, आणि दोघांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. येणार कसं? जन्मात कधी पलीकडे पाऊल टाकलेलं असेल तर ना!

"टेप टाका इकडं," उमाबाई म्हणाल्या. "तुम्ही तिकडून धरा, मी इकडून धरते. ओलांडतंय कोण?"

दिनानाथरावांनी टेप लांबवली. पाण्यानं गुळगुळीत झालेल्या त्या दगडावर उमाबाईंनी आपलं टोक घट्ट दाबून धरलं. इतक्या घट्ट, की बोटांची नखं पांढरी पडली. पलीकडे दिनानाथराव वाकले. चष्मा घसरला, वर केला, पुन्हा वाकले.

"किती?" उमाबाईंनी विचारलं.

दिनानाथरावांनी टेप पुन्हा एकदा टेकवून बघितली.

"अहो, किती?"

"वीतभर," दिनानाथराव म्हणाले. "बरोबर वीतभर, उमा! जेवढी कमी पडत होती तेवढीच. मी चुकलो नाही गं. म्हणजे चुकलोच, पण तसा नाही!" आणि तिथंच ओल्या दगडावर बसून तो पेन्शनीत निघालेला माणूस, धोतर भिजतंय याची शुद्ध नसलेला, लहान पोरासारखा मोठ्यानं रडायला लागला. श्यामकांतला काही सांगायला नको होतं. कुलूप नको होतं. छातीवर इतके दिवस कोणी बसलं होतं, ते उठून गेलं होतं.

पन्हळीच्या अलीकडे उमाबाईंचेही डोळे वाहत होते, आणि तरी त्या हसत होत्या. टेपचं टोक त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

महिपती बिचारा घाबरला. देवळात काय बाधलं की काय, म्हणून तो कोपऱ्यावरून पळत आला आणि एकदा याच्याकडे, एकदा पलीकडच्या वहिनींकडे बघू लागला.

"काय झाला वो वैनी? दिनादादा रडतंय कशाला?"

"काही नाही, भावोजी," उमाबाई म्हणाल्या. "अजून म्हातारे झाले नाहीत, ते आत्ता कळलं त्यांना."