डोक्यातले जागले

चतुराबाईनं एक डोळा मिटून दुसरा पितळी नळीला लावला. आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग डॉक्टर दिनकररावांनी बाजूचं चाक जरासं फिरवलं आणि पिवळसर उजेडात काळे ठिपके उमटले, एकेकाला बारीक फांद्या फुटलेल्या.

"बकऱ्याच्या मेंदूचा काप आहे," डॉक्टर म्हणाले. उभ्या मोगलाईत असं यंत्र दुसरं नसेल, असं त्यांना वाटे. त्यामुळे परभणीच्या दवाखान्यात आलेला रोगी ते पाहिल्याशिवाय सुटत नसे. "हे डोक्यातले जागले. एरवी आपापल्या जागी गस्त घालतात. मार लागला, की सगळे तिथं धावतात."

"आन मंग माघारी जातात का?" तिनं विचारलं.

बायको परक्या पुरुषाला प्रश्न विचारते, हेच बन्सीधरला आणि भिंतीशी बसलेल्या त्याच्या आईला, कडूबाईला, नवं होतं.

"काही तिथंच ठाण मांडतात. फेफरं त्यांच्यामुळे येतं का, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. पण जुन्या जखमेपायी फेफरं येतं, एवढं नक्की. हिला डोक्याला कधी मार लागला होता?"

"न्हाई," बन्सीधरच बोलला. "जन्माचंच हाय. सोयऱ्यांनी लपवून पोरगी दिली."

बाहेर गाडीत तिचं गाठोडं तयार होतं. डॉक्टरांनी जन्माचं म्हटलं, की गाडी परस्पर पोखर्णीला, तिच्या माहेरी जाणार होती. जिंतूरच्या घरी दुसरी बायको येणार, हेही ठरलं होतं.

चतुराबाईचा हात पदराखालून कानामागच्या जुन्या खोकेच्या वणाकडे गेला. तीन वर्षांपूर्वी दोघी सासवा-सुना एकाच उखळात खिरीचे गहू कांडत होत्या. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. मध्येच कडूबाईचा ताल चुकला आणि मुसळ सुनेच्या कानामागं बसलं. सून उंबऱ्यात पडली, असं सासूनं घरात सांगितलं आणि सुनेनंही तेच सांगितलं. सासूला खोटं कसं पाडायचं? पहिलं फेफरं आलं ते त्यानंतर सहा महिन्यांनी. या दोन गोष्टी तिच्या मनात आज पहिल्यांदा शेजारी बसल्या. पण आता बोलली असती, तर जीव वाचवायला बोलते असंच म्हटलं असतं सगळ्यांनी. तिला रडू येत होतं.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "तुमी बी बगा की."

"मला म्हातारीला काय दिसतंय," म्हणत कडूबाई उठली. खरं तर मघापासून तिचीच मान लांब झाली होती. ती वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

"डाक्टरसाब," डोळा न काढता तिनं विचारलं, "मुसळ लागलं तरी बी ह्ये असे जमतात का?"

"कसलं मुसळ?" बन्सीधर म्हणाला.

कडूबाई बाहेर गेली. तिनं गाडीतलं सुनेचं गाठोडं उतरवून घेतलं आणि दवाखान्याच्या पायरीवर ते मांडीत धरून बसली.