फेस्टीचा विस्तव

गॉर्टमोरच्या नव्या सभागृहाला फेस्टी मॅनियनचं नाव द्यायचं ठरलं, तो स्वतः सत्काराला येणार असं कळलं आणि गावाच्या अंगात आलं. भिंतींना चुना लागला, चर्चसमोरचे खड्डे बुजले, आणि ज्यांनी फेस्टीला कधी पाहिलंही नव्हतं ते त्याच्या लहानपणच्या गोष्टी सांगू लागले. पत्र्याची एक ट्रंक घेऊन बोस्टनला गेलेला हा माणूस आता तिथल्या घराघरांत ऊब पोचवत होता. बॉयलरचा मोठा कारखानाच होता त्याचा. गावात त्याचा बॉयलर एकाकडेही नव्हता, पण अभिमान सगळ्यांकडे होता.

डेलिया फोर्डला मात्र एकच घोर लागला होता. फेस्टी आपला विस्तव परत मागेल का?

मॅनियन आणि फोर्ड ही शेजारशेजारची घरं. बांधावरून भांडण झालं होतं आणि दोन्ही घरांत विस्तव जात नव्हता. मग फेस्टीची आई वारली, घरात तो एकटा उरला, बोटीचं तिकीट आलं. निघायच्या सकाळी त्याने आपल्या चुलीतले निखारे फावड्यावर घेतले, वाऱ्याला पाठ देत बांध ओलांडला आणि फोर्डांच्या दारात येऊन उभा राहिला. घर बंद करून जाणाऱ्याने आपला विस्तव शेजाऱ्याच्या चुलीत ठेवायचा, तो परत येण्याच्या बोलीवर, ही तिथली रीत. आणि तरण्या मुलाने तो तरण्या मुलीच्या हाती दिला, तर आणखी बोलायचं काय राहिलं? डेलियाचा भांडकुदळ बापसुद्धा मुकाट्याने बाजूला सरकला.

"सांभाळ," फेस्टी म्हणाला होता. "मी मागायला येईन."

मागितल्याशिवाय तो परत द्यायचा नाही, हीही रीतच. न मागता दिला तर ज्याचा विस्तव त्याच्या जिवावर बेततं, असं म्हणत.

डेलियाने तो सांभाळला. टर्फच्या, म्हणजे जळणाच्या मातीच्या, विटा दलदलीतून स्वतः कापून आणायच्या, वाळवायच्या, रात्री निखारे राखेखाली झाकायचे, पहाटे फुंकून जागे करायचे. बहिणीचं लग्न डब्लिनला झालं, ही गेली नाही. चूल कुणाच्या भरवशावर सोडणार? एक शिक्षक मागणी घालायला आला, बरा होता बिचारा, त्यालाही चहा पाजून वाटेला लावलं. फेस्टीने तिकडे लग्न केल्याची बातमी आली तेव्हा पलीकडचा कोलमन म्हणाला, "आता तरी विझव बाई. कुणासाठी जळतेयस?"

"ठेव आहे ती. त्याच्या लग्नाचा तिच्याशी काय संबंध?" डेलिया म्हणाली आणि कोलमनच्या कपात आणखी चहा ओतला.

मनातून तिला तेव्हाच सगळं कळलं होतं. लग्नाची आस केव्हाच गेली. आता एवढंच हवं होतं, की त्याने एकदा मागावा. त्याला आठवण आहे एवढं कळलं असतं, तरी इतकी वर्षं फुकट गेली असं तिला वाटलं नसतं.

सत्काराच्या दिवशी फेस्टी भाषणाला उभा राहिला. केस पांढरे, पोट सुटलेलं, पण आवाज तोच. "गॉर्टमोरचा विस्तव," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझ्या काळजात कधी विझला नाही!"

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. कोलमनने डेलियाला कोपराने ढोसलं. "ऐकलंस?"

ऐकलं होतं. केकचा तुकडा तसाच टाकून डेलिया घरी पळाली. फावडं तिने घासून लख्ख केलं. मॅनियनांचं छप्पर कधीच खचलं होतं, पण चुलीची जागा शाबूत होती. ती तिने त्याच आठवड्यात झाडून ठेवली होती.

संध्याकाळी दारात गाडी थांबली. फेस्टी आणि त्याची बायको मार्शा आत आली.

"डेलिया! तू अजून तश्शीच गं!"

"खोटं बोलायला बोस्टनला शिकलास की इथूनच घेऊन गेला होतास?"

तो खदाखदा हसला. मग चुलीकडे बघून मान हलवली. "अजून टर्फच? अगं, तुला बॉयलर पाठवून देतो. बटण दाबलं की घर गरम. राख नाही, धूर नाही, काही नाही."

"सवय आहे मला."

फेस्टीने खिसे चाचपले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "डेलिया, थोडा विस्तव देतेस?"

तिने फावडं उचललं, लालबुंद निखाऱ्यांनी शिगोशीग भरलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरलं.

"घे. सगळा तुझाच आहे."

फेस्टीने खिशातून सिगार काढला, वाकून एका निखाऱ्यावर पेटवला आणि दोन झुरके घेतले.

"बाप रे, एवढा कशाला? लायटर गाडीत राहिला म्हणून म्हटलं." तो बायकोकडे वळला. "बघ मार्शा, काय माणसं आहेत! काडी मागितली तर अख्खी चूल उचलून देतात."

मार्शाने फोटो काढला.

गाडी गेली तरी डेलिया फावडं धरून उभीच होती. मग तिने निखारे परत चुलीत ओतले. रडू बऱ्याच वेळाने आलं आणि आलं ते थांबेना. त्या रात्री तिने विस्तव झाकला नाही.

सकाळी फोर्डांच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. धूर नाही म्हणजे घरातलं माणूस गेलं, हे गॉर्टमोरमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. कोलमन धावत आला आणि उंबऱ्यातच त्याने टोपी काढली.

डेलिया थंड चुलीसमोर अंगात कोट घालून बसली होती. पायाशी बॅग होती.

"अगं, तू तर जिवंत आहेस! धूर दिसेना, मला वाटलं..."

"बहिणीकडे चाललेय. बसला अवकाश आहे."

कोलमनने राखेत हात घालून पाहिला. "विझला?"

"विझू दिला."

"पण त्यात तुमच्या घरचाही होता की गं. तुझ्या आजीच्या आधीपासूनचा."

"होता ना," डेलिया म्हणाली. "पण त्याचा तेवढा वेगळा काढता येईना रे मला."

कोलमन तिच्याशेजारी बसला. टोपी त्याने परत डोक्यावर घातली नाही.