तोडलेली पिन

"पप्पा, तुमचा हा डबा गाणं लावायच्या आधीच का गुणगुणायलाय?"

हे मी सगळ्यांसमोर विचारूच शकणार नाही, अशी माझ्या मैत्रिणीनं, आलियानं पैज लावली होती. मी विचारलं! पप्पा कसनुसं हसले. हौसेनं आणलेला सबवूफर, म्हणजे दणदणीत आवाजाचा स्पीकर, माझ्या मैत्रिणींसमोर नुसता 'हूंऽऽ' करत होता.

"थांबा, मीच करते नीट!" म्हणत मी एका व्हिडिओत पाहिल्यासारखी प्लगची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, पक्कडीनं तोडली. आवाज गप्प! टाळ्या पडल्या. मी लगेच रील टाकली, 'लातूरची लुंबिनी इंजिनिअर'.

दुसऱ्या दिवशी मम्मी ओल्या फडक्यानं सबवूफर पुसायला गेली आणि किंचाळली. अर्थिंग नसल्यानं शॉक बसला होता. हात चोळत तीच मला म्हणाली, "असू दे गं, तुला काय माहीत." मला तिच्याकडे बघवेना.

पप्पांनी नवा प्लग बसवला, तशी गुणगुण परत सुरू झाली. मग मी टीव्हीतून सबवूफरला जोडलेली केबल काढून पाहिली आणि आवाज थांबला. एवढंच करायचं होतं!

रीलखाली चाकूरच्या माझ्या चुलत नागसेनदादानं लिहिलं होतं, 'मीबी तोडली पिन, लई भारी!' त्याच्या घरात रांगतं लेकरू हाय. मी लगेच फोन करून त्याला प्लग काढायला लावला.

मग पप्पा-मम्मीसमोर जाऊन उभी राहिले.

"ती रील मी डिलीट केली. आता दुसरी करणार. पिन कुणी तोडली, मम्मीला शॉक कशानं बसला, सगळं तोंड दाखवून सांगणार. आलिया हसली तर हसू दे."