छातीवरचा चेंडू

सातवा चेंडूही तिनं मुठींनी बाहेर ढकलला.

चेंडू सरळ अंगावर, छातीच्या उंचीवर आला होता. असा चेंडू कुठलीही गोलरक्षक कवटाळून घेते. तिनं अकरा वर्षं तेच केलं होतं. म्हणून तर संघातल्या सगळ्या तिला 'भिंत' म्हणायच्या. आज भिंतीनं सात वेळा अंग चोरलं होतं.

"काय गं, बॉक्सिंगला नाव घातलंस का?" बचावफळीतली मैत्रीण ओरडली. दोघीतिघी हसल्या. तीही हसली.

प्रशिक्षक मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या हातातल्या यादीत गोलरक्षकाची एकच जागा उरली होती आणि ती आजच भरायची होती. दावेदार दोघी. एक ही, बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी परतलेली. दुसरी एकोणीस वर्षांची नवी मुलगी; मांजरीनं पिल्लू उचलावं तशी ती येईल तो चेंडू अलगद उचलत होती.

सकाळपासून तिनं लेकीला पाजलं नव्हतं. छाती दगडासारखी भरली होती, जर्सीचं कापडही टोचत होतं. पण कारण तेवढंच असतं तर बरं झालं असतं. परवा ती पाजून आली होती, तरी चेंडू येताना दिसला की हात आपोआप आडवे जात होते. पाच महिने त्या जागी लेकीचं डोकं असायचं. दाराची कड, कुणाचं कोपर, पंख्याची हवासुद्धा तिनं तिथून दूर ठेवली होती. अंगाला ते वळणच पडलं होतं.

पाण्याच्या सुट्टीत ती कठड्याशी धावली. सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"प्यायली का, आई?"

"कुठली पितेय. बाटली पुढे केली की दोन्ही हातांनी ढकलते. तुझीच लेक." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "दोन मिनिटं घे की हिला."

"मॅडम बघतायत."

"बघू दे. त्यांनाही कुणीतरी पाजलंच असेल."

ती थांबली नाही. पाजताना दिसली असती तर मॅडमना आई दिसली असती, गोलरक्षक नाही.

शेवटचा फटका मॅडमनी स्वतः मारला. जीव खाऊन मारला. आडवे जाऊ पाहणारे हात तिनं जबरीनं खाली ओढले आणि चेंडू छातीवर घेतला. कळ मस्तकात गेली. चेंडू सुटला नाही. जर्सीवर दोन ओले डाग हळूहळू पसरले.

मॅडम जवळ आल्या. "हा घेतलास."

"हो."

"आधीचे सात? दुखत होतं म्हणून?"

इथं नुसतं हो म्हणायचं होतं. दुखणं महिन्याभरात बरं होतं, तोवर जागा राखता आली असती. मॅडम तेच ऐकायला थांबल्या होत्या.

"दुखतं, पण म्हणून नाही," ती म्हणाली. "भीती वाटते, मॅडम. पूर्वी कधी वाटली नव्हती."

मॅडमनी यादीवर पेन टेकवलं. "मग तिला घेते."

"घ्या. चांगली आहे. डावीकडे जरा उशिरा झेपावते, तेवढं सांगा तिला."

ती गोलमागच्या बाकावर जाऊन मैदानाकडे पाठ करून बसली. सासूबाईंनी तिथं येऊन लेक तिच्या हातात दिली, ओढणी पसरली. लेक अधाशासारखी पिऊ लागली. मागे नव्या मुलीचा सराव सुरू झाला. चेंडूवर बूट बसल्याचा आवाज आला, तशी ती बसल्या जागी झेपावल्यासारखी कलली. लेकीच्या तोंडातून दूध सुटलं, ती कुरकुरली. पुन्हा आवाज, पुन्हा तेच.

"अगं, स्थिर बस ना जरा," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला पिऊ तरी दे."

"हो, आई."

तिनं दोन्ही टाचा मातीत रोवल्या, लेकीचं डोकं तळहातानं झाकलं. मागे पुन्हा बूट वाजला. उजवीकडे, उंचावर. टाचा हलल्या नाहीत. खांदा मात्र गेलाच.